आवळ्याचा अर्क आणि गोरेपणाचा बाजार

(नवी दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



जुन्या दिल्लीतील खारी बावलीच्या घाऊक बाजारात आवळकाठी, हिरडा आणि बेहडा पोत्यांनी विकला जातो. त्रिफळ्यातील ही फळे औषध म्हणून शतकानुशतके वापरात आहेत. आता त्यांचे अर्क सौंदर्यप्रसाधनांतही जातात. या मूल्यवृद्धीचा लाभ कोणाला होतो, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम विज्ञान. आवळ्यात क जीवनसत्त्व आणि टॅनिन वर्गातील द्रव्ये असतात. ती ऑक्सिडीकरणास प्रतिबंध करतात. त्वचेतील मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर आवश्यक असते. आवळ्याच्या अर्काने या विकराची क्रिया मंदावते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. मात्र असे प्रयोग पुष्कळदा अळिंबीपासून मिळवलेल्या विकरावर होतात. परीक्षानळीतील परिणाम जिवंत त्वचेवर तसाच दिसेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. जाहिरात मात्र हे अंतर एका वाक्यात ओलांडते.

‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आले. २०२० मध्ये ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, तरी सावळ्या रंगाला उणेपणा मानणारी वृत्ती तेवढ्याने जात नाही. या वृत्तीतून निर्माण होणारी मागणी म्हणजे भेदभावावर बसवलेला करच होय, आणि तो प्रामुख्याने मुली भरतात.

साखळीचे दुसरे टोक रानात आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांतील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केला. जैवविविधता कायदा २००२ चा. लाभवाटप भारतीय कंपन्यांनाही बंधनकारक आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा वाटा उत्पादनाच्या वार्षिक विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के होता. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला व लागवडीतील औषधी वनस्पतींना सवलती दिल्या. म्हणून केवळ लाभवाटपावर विसंबून चालणार नाही.

वाळवण, प्रतवारी, साठवण आणि गुणवत्ता तपासणी गावाजवळच व्हावी. ग्रामसभांनी एकत्रितपणे माल विकावा. भाव ठरावा तो फळाच्या सिद्ध गुणांवर. एका मुलीच्या न्यूनगंडावर दुसऱ्या मुलीच्या घराची चूल पेटावी, याला विकास म्हणता येणार नाही.