कधीतरीच बंद पडणारा प्रोग्राम

  मी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. आज एका ठरावीक प्रकारच्या बिघाडाबद्दल बोलायचं आहे. संगणकावरचा प्रोग्राम काम करता करता अचानक बंद पडतो आणि कुणाला दाखवायला जावं तर शहाण्यासारखा चालतो. दुखरा दात जसा डॉक्टरांच्या दारात गेल्यावर शांत होतो, तसं.

दोष दोन जातींचे असतात. एक, नेमाने होणारा. हे बटण दाबलं की बंद पडतोच. असा दोष सज्जन म्हणायचा, कारण तो बोलावल्यावर येतो. दुसरा, कधीतरीच होणारा. जिम ग्रे या संगणकतज्ज्ञांच्या 1985च्या अहवालात या दुसऱ्या जातीला ‘हायझेनबग’ म्हटलं आहे, हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून. निरखून बघायला गेलं की हा दोष वागणं बदलतो.

माझ्याकडे असा एक दोष आला तो साताऱ्याजवळच्या एका गावातून. एक सुभेदारसाहेब, 1971च्या लढाईत होते. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. नातीने लिनक्सचा संगणक लावून दिला. त्यावर एक मुक्त स्रोत लेखन-प्रणाली होती. तिचं नाव घेत नाही, कारण हा आजार कुठल्याही प्रणालीला होऊ शकतो. साहेब एका बोटाने मराठी टाईप करायचे. मधूनच खिडकी नाहीशी व्हायची आणि शेवटचा परिच्छेद गेलेला असायचा. चौथ्या वेळी त्यांचा फोन आला, “साहेब, राहू द्या आता. माझ्याच्यानं पुन्हा पुन्हा ते आठवणं होत नाही.”

गेलेला मजकूर परत टाईप करता येतो, पण सोबत गेलेल्या माणसांबद्दल एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिणं हे टायपिंगचं काम नाही. त्यामुळे हा दोष सापडणं गरजेचं होतं.

नातीच्या संगणकावर तीच प्रणाली, तीच आवृत्ती. तिथे एकदाही बंद पडली नाही. माझ्याकडेही नाही. अशा वेळी लोक म्हणतात, “वापरणाऱ्याचीच काहीतरी चूक असेल.” हे वाक्य तपासात वर्ज्य समजा. माझ्याकडे घडत नाही याचा अर्थ एवढाच, की त्यांच्याकडे असलेली एखादी गोष्ट माझ्याकडे नाही. ती कोणती, हेच शोधायचं असतं.

पहिलं काम नोंदवहीचं. सुभेदारसाहेबांना शब्द दिला की दुरुस्ती करू, पण आधी पंधरा दिवस ड्यूटीची नोंद ठेवा. फाईल किती वाजता उघडली, किती वाजता बंद पडली आणि त्या क्षणी हात कुठे होता. कारण लिहायचं नाही, फक्त घडलं ते लिहायचं. जुना शिपाई गडी, वही चोख ठेवली. तोवर दर परिच्छेदानंतर कंट्रोल-एस दाबण्याचा हुकूम होताच.

सामान्य माणसाच्या निरीक्षणाला किती किंमत असते याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. 2009च्या सुमारास उबंटू वापरणाऱ्या एकाच्या पत्नीची तक्रार होती की ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही. ऐकून हसूच येईल. पण ते खरं निघालं. फाईल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणाऱ्या एका छोट्या प्रोग्राममध्ये दोष होता. छपाईच्या फाईलमध्ये तारीख असते. त्यात मंगळवारची तीन इंग्रजी अक्षरं आली की तो प्रोग्राम तिला एर्लांग या भाषेची फाईल समजायचा आणि छपाई अडायची. वार लक्षात ठेवणारं कुणी घरात नसतं, तर हा दोष किती दिवस लपून राहिला असता कोण जाणे.

नोंदी जमेपर्यंत आम्ही नेहमीचे संशयित तपासले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. आधी नवीन वापरकर्ता-खातं उघडून पाहिलं, म्हणजे जुन्या बिघडलेल्या सेटिंग्ज बाजूला पडतात. तरी बंद पडलं. मग ॲड-ऑन काढले. मग ग्राफिक्सचा वेग वाढवणारी सोय बंद केली. मग रात्रभर मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवला, कारण खराब रॅममुळेही असेच लहरी बिघाड होतात. रॅम ठीक निघाली. चारही गोष्टी एकदम बदलल्या असत्या आणि बिघाड थांबला असता, तर कशामुळे थांबला हे कधीच कळलं नसतं.

पंधरा दिवसांनी नातीने वहीचे फोटो पाठवले. नऊ नोंदी. फाईल उघडल्यापासूनची मिनिटं मोजली: 10, 30, 20, 50, पुन्हा 10. सगळे आकडे दहाच्या पटीत. आणि दर दहा मिनिटांनी त्या प्रणालीत काय होत होतं? मजकूर आपोआप जतन होत होता.

पण ते तर नातीच्या संगणकावरही होत होतं. उत्तर वहीच्या शेवटच्या रकान्यात होतं. तिथे पुन्हा पुन्हा लिहिलं होतं, “शब्द अर्धा होता.” उच्चारानुसार मराठी टाईप करताना बऱ्याच कळफलकांत शब्द पूर्ण होईपर्यंत अक्षरं खाली रेघ असलेल्या अवस्थेत थांबतात. तो मजकूर अजून कागदावर उतरलेला नसतो, उंबरठ्यावर असतो. नात भरभर टाईप करते, तिचा शब्द उंबरठ्यावर अर्धा सेकंद राहतो. सुभेदारसाहेबांचा शब्द दहा-दहा सेकंद. आपोआप जतन नेमकं त्या क्षणी सुरू होण्याची शक्यता त्यांच्याकडे जास्त. आणि इंग्रजी टाईप करणाऱ्याकडे हा उंबरठाच नसतो.

आता अंदाजाची परीक्षा, दोन्ही बाजूंनी. आपोआप जतन बंद केलं, तर बिघाड थांबला. पण एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. उलटही करून पाहायचं. जतनाचा काळ दहा मिनिटांवरून एक मिनिट केला, अर्धा शब्द टाईप केला आणि हात काढून थांबलो. माझ्या इंदूरच्या संगणकावर तिसऱ्या मिनिटाला खिडकी गेली. ज्या दोषाला पंधरा दिवस लागत होते, तो आता तीन मिनिटांत हजर. या कामातला सर्वांत मोठा टप्पा हाच. दोष बोलावल्यावर येऊ लागला की निम्मी लढाई संपली.

पुढचं काम पुराव्याचं. प्रोग्राम कोसळताना मेमरीची जी नक्कल राहते तिला कोअर डंप म्हणतात. जीडीबी नावाच्या साधनाने ती उघडली की कोसळण्याच्या क्षणी कोणतं काम कोणत्या कामाने सोपवलं होतं, ती साखळी दिसते. त्यासाठी त्या आवृत्तीची डीबग चिन्हं बसवावी लागतात, नाहीतर नावांऐवजी नुसते आकडे दिसतात. एक सावधगिरी: या नकलेत तुमचा मजकूरही असू शकतो. ती जाहीरपणे कुठे टाकू नका. मी फक्त साखळीच्या ओळी पाठवल्या, तीन पायऱ्यांची कृती लिहिली आणि त्यात हेही लिहिलं की इंग्रजीत टाईप केल्यास हे घडणार नाही.

विकासकांना दोष सापडला. जतन करताना उंबरठ्यावरच्या मजकुराची जागा मोकळी केली जात होती आणि कळफलक नंतर त्याच मोकळ्या जागेत लिहायला जात होता. वॅलग्राइंडसारखी साधनं नेमकी अशीच चूक पकडतात.

हा दोष कधी शिरला, हे कसं शोधतात? आमचा लाईनमन टेलिफोनची तार कुठे तुटली हे शोधताना एका टोकापासून चालत जात नसे. मधोमध जोडून ऐकायचा. या बाजूने आवाज आला तर तूट त्या बाजूला, मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. गिट बायसेक्ट हेच करतं. हजार बदलांमधला दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत मिळतो. अट एकच: दोष बोलावल्यावर येणारा हवा. कधीतरीच येणारा असेल तर एका चाचणीवरून बदल निर्दोष ठरवणं धोक्याचं, कारण एक चुकीचा निकाल पुढची सगळी दिशा चुकवतो.

शेवटचा मुद्दा दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं याचा. समजा दहा बैठकांत एकदा बिघाड होतो. दुरुस्तीनंतर दहा बैठका सुरळीत गेल्या. झालं काम? नाही. काहीच दुरुस्त केलं नसतं तरी दहा बैठका सुरळीत जाण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. तीस बैठका सुरळीत गेल्या, तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. सुभेदारसाहेबांनी तीस बैठका मोजल्या. एकतिसाव्या दिवशी त्यांनी वहीत बिघाडाची नोंद ठेवायचं सोडलं आणि आठवणींचं पुढचं प्रकरण घेतलं.

मंडळी, मुक्त स्रोत प्रणाली बनवणारी बरीच माणसं इंग्रजीत किंवा युरोपातल्या भाषांत टाईप करतात. मराठीच्या उंबरठ्यावर काय घडतं हे त्यांना दिसत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ते आपल्यालाच सांगावं लागेल. तेव्हा पुढच्या वेळी खिडकी गेली, की चडफडून पुन्हा उघडण्याआधी एक ओळ लिहा: वेळ, आवृत्ती, भाषा, कळफलक आणि हात कुठे होता. अशा पाच ओळी जमल्या की तक्रार नोंदवा, मोडक्या इंग्रजीत चालेल. “कधीकधी बंद पडतं” एवढ्याने कुणाला काही करता येत नाही. “मराठीत शब्द अर्धा ठेवून एक मिनिट थांबलं की बंद पडतं” यावर जगातला कुठलाही विकासक काम करू शकतो.

 जय हिंद.