गिरणी कामगार ते अंतराळवीर



१६ जून १९६३ रोजी सोव्हिएत संघाच्या बायकोनूर तळावरून 'व्होस्तोक-६' हे यान अवकाशात झेपावले. यानात एकच व्यक्ती होती आणि ती स्त्री होती. अवकाशात जाणाऱ्या जगातील या पहिल्या स्त्रीचे नाव व्हॅलेंटिना तेरेश्कोवा. त्या वेळी त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

यारोस्लाव्हल प्रांतातील मास्लेन्निकोवो या लहानशा खेड्यात ६ मार्च १९३७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील ट्रॅक्टरचालक होते. फिनलंडबरोबरच्या युद्धात ते कामी आले. आईने कापडगिरणीत राबून तीन मुलांना वाढविले. व्हॅलेंटिना यांनीही लहान वयातच आधी टायरच्या कारखान्यात आणि मग कापडगिरणीत नोकरी धरली. परंतु शिक्षण सुटले नाही. रात्रशाळा आणि पुढे पत्रद्वारा अभ्यास अशा मार्गाने त्यांनी १९६० मध्ये तंत्रशाळेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. १९५९ पासून स्थानिक हवाई क्लबात त्या हवाई छत्रीच्या साहाय्याने उड्या घेण्यासही शिकल्या.

हाच छंद पुढे निर्णायक ठरला. व्होस्तोक यान जमिनीवर आदळण्याचा धक्का प्रवाशाला सोसणारा नव्हता. म्हणून सुमारे ७ किलोमीटर उंचीवर अंतराळवीराला आसनासह यानाबाहेर फेकले जाई व तो हवाई छत्रीने स्वतंत्रपणे उतरे. त्यामुळे १९६२ मध्ये निवडलेल्या पाच तरुणींना हवाई छत्रीचा अनुभव असणे अत्यावश्यक मानले गेले.

तेरेश्कोवा यांनी २ दिवस २२ तास ५० मिनिटांत पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा घातल्या. अमेरिकेच्या मर्क्युरी योजनेतील सहाही अंतराळवीरांच्या उड्डाणांचा एकूण काळ याहून कमी भरतो. हे उड्डाण निर्वेध मात्र नव्हते. यानाची दिशा ठरविणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेतील आज्ञावली सदोष होती. तिच्यानुसार यान खाली येण्याऐवजी अधिक उंच कक्षेत गेले असते. ही गोष्ट आपल्या लक्षात आली, आपण ती भूकेंद्रास कळविली व तेथून सुधारित आकडे आले, असे त्यांनी पुढे सांगितले. मुख्य अभियंते सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या विनंतीवरून कित्येक दशके त्यांनी याविषयी मौन पाळले. १९ जून रोजी त्या अल्ताई प्रदेशात सुखरूप उतरल्या.

कीर्ती लाभल्यावरही त्यांनी अध्ययन थांबविले नाही. झुकोव्हस्की वायुसेना अभियांत्रिकी अकादमीतून १९६९ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि १९७७ मध्ये तांत्रिक शास्त्रांतील संशोधन-पदवीही त्यांनी संपादन केली. १९६८ ते १९८७ या काळात त्यांनी सोव्हिएत महिला समितीचे अध्यक्षपद भूषविले.

तथापि या गौरवगाथेला एक दुसरी बाजू आहे. त्यांच्यासमवेत तयार झालेल्या अन्य चौघींपैकी एकीलाही अवकाशात जाण्याची संधी मिळाली नाही. १९६९ मध्ये तो गटच विसर्जित झाला. पुढील स्त्री, स्वेतलाना सवित्स्काया, अवकाशात गेली ती १९८२ साली, म्हणजे तब्बल १९ वर्षांनंतर.

एका स्त्रीचा सत्कार झाला म्हणजे सर्व स्त्रियांसाठी वाट मोकळी झाली, असे नव्हे. रात्रशाळेच्या एका बाकावरून अवकाशापर्यंत पोहोचता येते, हे तेरेश्कोवा यांनी सिद्ध केले. अशी बाके सर्वत्र असावीत, आणि त्यांवर बसलेल्या मुलींची वाट पुढे अडू नये, हे पाहणे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य होय.