लेकरासोबत घरालाही आधार हवा

आम्ही बचत गटाच्या ताया. एरवी आम्ही हप्ते, व्याज, कर्ज यांबद्दल बोलतो. आजचा विषय जड आहे. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना जरा खेळायला पाठवा, आणि मग ऐका.

लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की कुणी म्हणतं झाकून ठेवा, कुणी म्हणतं पोलिसांत जा. तक्रार तर द्यायचीच. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने ती कळवायलाच हवी, मग लेकरू मुलगी असो की मुलगा. पण तक्रारीनंतर त्या घरात काय चालतं, हे कुणी विचारत नाही.

या प्रकरणात लेकराची ओळख सांगणं गुन्हा आहे, म्हणून आम्ही 'समजा' म्हणून सांगतो. समजा, दहा वर्षांची मुलगी आहे. त्रास देणारा नात्यातलाच, कारण बहुतेक वेळा तो ओळखीचाच निघतो. आई म्हणते, "मी कामाला गेले नसते तर असं झालं नसतं." बाप रागाने पेटतो, नाहीतर दारूकडे वळतो. आजी म्हणते, "तू त्याच्याकडे गेलीसच कशाला?" धाकट्या भावाला कुणी काही सांगत नाही, पण घरात काहीतरी बिघडलंय हे त्याला कळतं.

आणि मुलगी हे सगळं बघते. तिला वाटतं, मी तोंड उघडलं म्हणून घर मोडलं. मग ती गप्प होते. अंथरूण ओलं करते, पोट दुखतं म्हणते, शाळा नको म्हणते. काही लेकरं तर "मी खोटं बोलले" असंही सांगून टाकतात. आधी सांगितलेलं खोटं होतं म्हणून नाही, तर आई रडायची थांबावी म्हणून! म्हणूनच समुपदेशन एकट्या लेकराचं करून भागत नाही. ज्या घरात ते झोपतं, जेवतं, त्या घराचंही करावं लागतं.

समुपदेशक काय करतात? आधी प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात. आईच्या मनातला दोष उतरवतात. बापाला समजावतात, की तुमच्या रागाची भीती लेकरालाच वाटते. आजीला सांगतात, "कशाला गेलीस" हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. भावंडांना त्यांच्या वयाला समजेल एवढंच सांगतात. मग घरच्यांना एकत्र बसवून ठरवतात, की लेकराला एकटं कुणासोबत ठेवायचं नाही, रात्री जवळ कोण झोपेल, शाळा आणि खेळ पुन्हा कसे सुरू करायचे. घरातल्या प्रत्येकाने लेकराला एक वाक्य म्हणायचं: "तू सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही."

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घराचं समुपदेशन म्हणजे समेट नव्हे. त्रास देणाऱ्याला लेकरासमोर बसवून माफी मागायला लावणं, "घरातलं घरात मिटवा" म्हणणं, हा उपचार नाही. तो घरातलाच असेल तर आधी लेकरू त्याच्यापासून सुरक्षित झालं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

मदत कुठे मिळेल? १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते. मनावरच्या ताणासाठी टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे, तपासात आणि कोर्टात लेकरासोबत राहणारी सहायक व्यक्ती मागता येते. लेकराचा जबाब घरीही घेता येतो, आणि त्या वेळी पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं. दवाखान्यात तातडीचे उपचार आधी करावे लागतात, तक्रारीचा कागद आणा म्हणून अडवता येत नाही. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारायचं.

आता आपलं काम. समुपदेशनाला एकदा जाऊन भागत नाही, अनेकदा जावं लागतं, आणि दर खेपेला मजुरी बुडते. गटातल्या एकीने त्या आईसोबत जावं. एसटीच्या भाड्याला गटाने हात लावावा. त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलावा. कारण वहीत लिहायचं नाही, बैठकीत विचारायचं नाही. नळावर, विहिरीवर तो विषय निघाला तर तिथेच थांबवायचा. आणि हळदीकुंकवाला त्या घरी बोलावणं जायलाच हवं. सगळ्या गावाने तोंड फिरवलं, तर समुपदेशकाने आठवडाभर सांधलेलं एका दिवसात उसवतं.

दोन्ही नंबर पुन्हा सांगतो, गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १०९८ आणि १४४१६. येत्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवा. ज्या बाईला गरज आहे, ती न विचारता ऐकेल.