सातशे रुपयांचा हिशोब



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमदार निवडून जातो, तो तिथं मुंबईला बसून नेमकं करतो काय?" एकीनं सांगितलं, रस्ता आणतो. दुसरी म्हणाली, सभामंडप बांधून देतो. तिसरी म्हणाली, लग्नाला येतो आणि दहाव्यालाही येतो! सगळ्या हसलो. पण आमदाराचं मूळ काम कायदा करणं आहे, हे कुणाच्याच तोंडी आलं नाही. म्हणून आज आम्ही तुम्हाला एका आमदाराची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचं नाव आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत असेल. त्यांनी केलेल्या कामावर मात्र आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटली आहे.

त्यांचं नाव विठ्ठल सखाराम पागे. जन्म 1910 चा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते होते आणि संतांच्या अभंगांचा त्यांचा अभ्यास होता. आपल्या विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत. आपण मतदान करतो ती विधानसभा आणि दुसरी विधान परिषद. पागे विधान परिषदेचे आमदार होते. महाराष्ट्र राज्य झालं त्या 1960 सालापासून 1978 पर्यंत ते त्या सभागृहाचे सभापती होते. म्हणजे अठरा वर्षं मानाच्या खुर्चीत. तरी त्यांचं लक्ष कुठं होतं, तर बिनकामाच्या मजुराकडं.

त्यांची एक आठवण सांगितली जाते. पागेसाहेबांनी घरात पत्नीला विचारलं, सातशे रुपये हातात दिले तर शेतावर किती माणसांना काम देता येईल? बाईंनी मनातल्या मनात हिशोब मांडला आणि सांगितलं, इतक्या माणसांना इतके दिवस. मग पागेसाहेबांनी विचार केला, सातशे रुपयांत एका शेतावर एवढ्यांना काम मिळतं, तर सरकार कोट्यवधी रुपये खर्च करतं त्यात किती लाख माणसांना मिळेल? बघा बायांनो, एवढ्या मोठ्या योजनेच्या मुळाशी एका घरातल्या बाईचा हिशोब आहे. आपण गटात बसून करतो, तसलाच.

ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढं मांडली. आधी आपल्याच भागात, विसापूरला, ती करून पाहिली. 1972 मध्ये ती राज्यभर न्यायची ठरली आणि त्याच वेळी तो मोठा दुष्काळ पडला.

बहात्तरचा दुष्काळ आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आमच्या गटातल्या थोरल्या काकू तेव्हा नव्या नवरी होत्या. हातावरची मेंदी उतरली नव्हती तोच खडी फोडायला गेल्या. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी त्यांना अजून आठवते. त्या काळात राज्यभरात एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या.

पण ती दुष्काळी कामं होती. सरकारनं काढली तर काम, नाही काढली तर नाही. पागेसाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. काम मागणं हा माणसाचा हक्क असला पाहिजे आणि तो कायद्यात लिहिलेला असला पाहिजे. 1977 साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. खेड्यातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम हवं आहे, त्यानं मागितलं की ते द्यायचं. देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. बाई आणि पुरुष, दोघांना दर सारखा.

पैसा कुठून आणला? शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर 1975 पासून व्यवसाय कर बसवला. तो आजही पगारातून कापला जातो. शहराच्या पगारातले चार पैसे खेड्यातल्या मजुरीला लावले.

आपल्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं याच रोजगार हमीतून चर खणले, बांध घातले, झाडं लावली. मजुरी घरात आली आणि पाणी शिवारात राहिलं. पुढं 2005 साली केंद्र सरकारनं देशभरासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्या योजनेच्या पहिल्याच टप्प्यात आपला जिल्हा होता. पागेसाहेबांनी ते पाहिलं नाही. ते 1990 मध्येच गेले.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या गटातल्या अकरा जणी काम मागायला गेल्या. "बघू, काम निघालं की कळवतो," असं उत्तर मिळालं. दोन महिने आम्ही वाट पाहिली. पुन्हा विचारायला गेलो, तर ऐकायला मिळालं की तुमची मागणीच नाही! बरोबरच होतं. आम्ही तोंडी बोललो होतो, कागदावर काहीच नव्हतं. मग दुसऱ्या वेळी नमुना 4 भरला, अकराही जणींच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय जागचं हललो नाही. त्या वेळी काम निघालं. बांधाचं होतं, तीन आठवडे चाललं.

तेव्हा आम्हाला पागेसाहेबांच्या कामाचा खरा अर्थ कळला. कुणी दया दाखवून काम दिलं तर त्याचे पाय धरावे लागतात. हक्कानं मागितलं तर नुसती पोच मागायची असते. पण हक्क कायद्यात लिहून झाला तरी मागायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

योजनांची नावं बदलतात, नियम बदलतात. ग्रामसभेत जाऊन आजचा नियम काय आहे ते विचारा. काम मागाल ते लेखी मागा, एकटीनं नको, गटानं मागा, आणि पोच गटाच्या फायलीत लावा. आणि पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं, तर त्याला पाणी द्या, चहा द्या, आणि मग विचारा, "साहेब, सभागृहात तुम्ही आमच्यासाठी कोणता प्रश्न विचारला? कोणत्या कायद्यावर बोललात?"

एवढं विचारायला पैसे लागत नाहीत.