निशाणी बांगडी

आज कोडिंगवर एक शब्द नाही. आज विषय माझी खापरपणजी, म्हणजे पणजोबांची आई.

सुरुवात बारावीनंतर झाली. बी.टेक.च्या ॲडमिशनसाठी जात पडताळणी करायची होती. ओबीसी असाल तर माहीतच असेल, 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो आणि सोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. पप्पांनी आगाशीच्या घरी बसून ती काढली. खाली मी, वर पप्पा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. पाच पिढ्यांत बाई एकच, ती मी! सर्टिफिकेट मिळालं, कागद फाइलमध्ये गेला. मागच्या वर्षी माझं लग्न ठरायला लागलं, आधार-पॅनवर नाव बदलायचं की नाही यावर घरात वाद रंगला, तेव्हा तो कागद परत आठवला.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "नाव कोण घेणार तिचं? सगळे केळव्याची म्हणायचे." म्हणजे माहेर केळवे. आजीने तिला पाहिलेलं नाही, हे सासूकडून ऐकलेलं. माहेरचं नाव लग्नात गेलं, सासरचं कोणी घेतलं नाही, उरलं फक्त गावाचं. शाळेत आपण डॉ. आनंदीबाई जोशी वाचतो. 1865 साली जन्मलेली ती मुलगी माहेरी यमुना होती, आनंदी झाली लग्नानंतर. हे आपल्याला कळतं, कारण तिची चरित्रं लिहिली गेली. केळव्याचीचं कोण लिहिणार?

माझ्या पापडीच्या मित्राचं काम सोपं होतं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत बापाबरोबर आईचंही नाव असतं. खरं सांगते, हेवा वाटला.

मी आधी इंजिनिअरसारखी शोधत होते. 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर जुन्या कागदांचे स्कॅन आहेत. पण तिथे माणसाच्या नावाने शोधायला गेलात तर फसलात, सर्व्हे नंबर हातात हवा. शिवाय पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 चा, त्याआधी वसई ठाण्यात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीच 1903 च्या कायद्याने आली, त्यामुळे त्याआधीचे फेरफार शोधण्यात अर्थ नव्हता. शेवटी आमच्या वाडीचा एक जुना फेरफार मिळाला, तर तो मोडीत. मला एक अक्षर कळेना.

विरारला एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, लेखणी न उचलता अक्षरं जोडत जातात, त्यामुळे वाचणारा अडखळत, अंदाज घेत वाचतो. त्यांनी वाचलं: खापरपणजोबा मयत, वारस मुलगा, मुलगा अज्ञान, पालन करणार आई. आजच्या सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' दिसतं ना, तेच. आणि पुढे? पुढे काही नाही. नुसतं 'आई'.

घरी येताना ट्रेनमध्ये वाटलं, नवरा मेला म्हणून ती निदान एवढी तरी कागदावर आली. तो ऐंशी वर्षं जगला असता तर तेवढंही नसतं.

मग आजीने स्वतःहून ट्रंक उघडली. साडीच्या दुकानाच्या पिशवीत एक गहाणखत होतं, घड्यांवर फाटलेलं. गुरुजींना ते वाचायला दोन तास लागले. त्यात तिचं नाव आहे! 'अमुकबाई कोम तमुक', कोम म्हणजे बायको. नाव मी इथे सांगत नाही, कारण वाडी अजून सामायिक आहे आणि चुलत्यांमध्ये वाटपाचं चालू आहे.

खाली सहीच्या जागी एक गोल, आणि शेजारी लिहिणाऱ्याने लिहिलंय 'निशाणी बांगडी'. ज्यांना सही येत नसे ते खूण काढत. शेतकऱ्याने नांगर काढायचा, बाईने बांगडी. गुरुजी सहज बोलून गेले. मी त्या गोलाकडे बघतच बसले. नवरा गेलेला, हातातल्या बांगड्या फुटलेल्या, आणि सही म्हणून बांगडी.

साक्षीदारांत एक जण केळव्याचा. भाऊ असावा, असा माझा अंदाज. तसं असेल तर तिचं माहेरचं आडनावही मिळालं.

खरी गंमत कागदाच्या पाठीवर होती. हप्ते भरल्याच्या नोंदी, शेवटी गहाण सुटल्याची. तारखा शकाच्या, त्यात 78 मिळवले की इसवी सन निघतो. आमच्या घरात लहानपणापासून ऐकतोय, पणजोबांनी मुंबईला गोदीत हमाली करून वाडी सोडवली. पणजोबांची जन्मतारीख माझ्याकडे होतीच, पडताळणीच्या फाइलमधल्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात. मी वजाबाकी केली. तीनदा केली. वाडी सुटली तेव्हा पणजोबा अकरा वर्षांचे होते.

गणपतीत सगळे जमले तेव्हा मी हे वाचून दाखवलं. पणजोबांचे धाकटे चिरंजीव, आमचे आण्णा आजोबा, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या बाबांनी काहीच केलं नाही?" असं नाही हो आण्णा, असं म्हणेपर्यंत ते उठून आरतीची तयारी बघायला गेले. आजी मात्र खूश होती. तिच्या मते पैसे केळ्यांवर आणि सुकेळीवर फेडले असणार. कागदात तसं काही नाही, पण आगाशीची बाई दुसरं काय म्हणणार!

आता चुलत बहिणीची पडताळणी आहे. यंदा वंशावळ मी टाइप केली आणि खापरपणजोबांशेजारी तिचं नाव घातलं. वकील म्हणाले, फॉरमॅटमध्ये बसत नाही, काढा. प्रतिज्ञापत्रातून काढलं. घरच्या कॉपीत ठेवलंय, पुढे माहेरच्या आडनावावर प्रश्नचिन्ह.

पुढच्या रविवारी केळव्याला जातेय. त्या आडनावाची तीन घरं आहेत म्हणे. केळव्याचं कोणी ऐकत असेल आणि घरात मोडीतले कागद असतील, तर पावसाळ्याच्या आत फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे. आमचा हिशोब पाठीवर निघाला.