पंखा आणि मनगट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून पुष्कळजणींना हसू आले असेल. पंख्याने वारा घ्यावा, फार तर शेगडी फुलवावी. पंख्याने स्वतःचे रक्षण कसले करावयाचे? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी आपणांस कोरिया देशात जावे लागेल.

कोरियात पंख्याला ‘बुचे’ म्हणतात. त्याच्या तऱ्हा दोन. एक आपल्या विंझण्यासारखा गोल, दुसरा घडीचा. घडीच्या पंख्यांसाठी जॉन्जू हे शहर फार जुन्या काळापासून नावाजलेले आहे. तेथे बांबूच्या वरच्या पातळ साली दोन दोन एकत्र चिकटवून काड्या करतात, त्यांवर तुतीच्या सालीचा चिवट कागद डकवतात आणि बुडाशी एक खीळ बसवतात. बाहेरच्या दोन काड्या जाड व मजबूत असतात. चोसॉन राजवटीत, म्हणजे 1392 ते 1910 या काळात, पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी येणाऱ्या ‘दानो’ सणाला राजा दरबाऱ्यांना पंखे भेट देत असे. कारण उन्हाळा तोंडावर आलेला असे. पान्सोरी नावाची जी कथागायनाची कला आहे, तिच्यात एकच गायक किंवा गायिका उभी असते, साथीला एक ढोलवाला आणि हातात एक पंखा. तोच पंखा कधी आंधळ्याची काठी होतो, कधी करवत होतो. दोरावर चालणारा डोंबारी तोल सावरण्यासाठी पंखाच धरतो. 1954 साली किम बेक-बाँग या नर्तकीने बसविलेले पंखानृत्य तर जगभर गेले. तात्पर्य, पंखा हा त्या लोकांच्या हाताच्या सवयीचा.

आता तो मल्लविद्येत केव्हा आला? येथे खरे तेच सांगितले पाहिजे. 1790 साली चॉन्जो राजाच्या आज्ञेने ‘मुये दोबो तोंगजी’ हा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात 24 युद्धकला दिल्या आहेत. भाले आहेत, तलवारी आहेत, काठी आहे, नुसत्या हातांची झुंजही आहे. पण पंखा नाही. आज आखाड्यांत शिकवतात तो पंख्याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकातील शाखांचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतलेल्या चोई योंग-सुल यांनी देगू शहरात जी विद्या शिकविली, तिच्यातून ‘हापकिदो’ उदयास आली. 1960 च्या सुमारास सॉ इन-ह्यॉक यांनी ‘कुक सूल वॉन’ ही शाखा स्थापन केली. तिच्यात तलवार, काठी, दोरी यांच्या बरोबरीने पंखाही येतो. कोणी हजारो वर्षांची परंपरा सांगू लागला, तर आपण सावधपणे ऐकावे. विद्या नवी असली म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही.

हापकिदोची तत्त्वे तीन सांगतात: बळाला बळाने अडवू नये, हालचाल वर्तुळाकार असावी, आणि ती पाण्यासारखी वाहती असावी. हे एकदा ध्यानात आले की पंख्याचे रहस्य उलगडते. मिटलेला पंखा म्हणजे सुमारे वीतभराहून थोडी लांब अशी आखूड काठीच. तो मधोमध मुठीत धरला की दोन्ही बाजूंना टोके उरतात. कोणी मनगट धरले, तर नुसती हिसकाहिसकी करून थकण्यात अर्थ नाही. पकडणाऱ्याच्या पकडीत अंगठ्याची बाजू सर्वांत कच्ची असते. हात त्या बाजूला वळवून काढावयाचा, आणि त्याच वेळी पंख्याचे टोक त्याच्या हाताच्या पाठीवरील हाडांवर दाबावयाचे. तेथे मांसाची गादी नसते, म्हणून थोड्या दाबानेही कळ मस्तकात जाते. दुसरी रीत अशी: मिटलेला पंखा त्याच्या मनगटाच्या हाडावर आडवा ठेवून दोन्ही हातांनी खाली ओढावयाचा. ही तरफ झाली. पहारीने धोंडा उचलतो त्यातलेच हे शास्त्र. जोर कमी, काम जास्त.

उघडलेल्या पंख्याचे काम निराळे. तो झटक्यासरशी डोळ्यांसमोर उघडला की समोरचा क्षणभर दचकतो, त्याची नजर झाकली जाते. त्या क्षणात आपण एक पाऊल बाजूला सरावयाचे. कागदाने कोणाला जखम होत नाही. लाभ होतो तो त्या एका पावलाचा.

अभ्यासाची रीतही ऐकण्यासारखी आहे. पहिले कित्येक दिवस मारामारीचे नावच नाही. मनगटाच्या एका झटक्यात पंखा उघडणे आणि मिटणे, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. पुढे मनगटाची वर्तुळे, त्यांच्या जोडीला पावले. त्यानंतर जोडीदारणीबरोबर, अगदी सावकाश. दुखू लागले की मांडीवर थाप मारावयाची. थाप ऐकताच दुसरीने सोडलेच पाहिजे, हा नियम कधी मोडावयाचा नाही. डोळे, गळा आणि कानशील यांवर सरावात पंखा नेऊ नये.

भगिनींनो, येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. चाकूपुढे पंखा चालत नाही, चौघांपुढेही चालत नाही. तेथे पळणे हाच शहाणपणा, आणि ओरडण्यात लाज कसली? हात सुटला की थांबून सूड घ्यावयाचा नाही. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वतःचा व दुसऱ्याचा बचाव करण्याचा हक्क सांगितला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. आखाड्यातील थाप आणि कायद्यातील ही मर्यादा, दोन्हींचा अर्थ एकच: काम झाले की हात आवरा.

मग पंखा पर्समध्ये ठेवला की काम झाले काय? मुळीच नाही. न शिकलेल्या हातात पंखा वाराच घालील. शिकलेल्या हातात मात्र मिटलेली लहान छत्री, लाटणे, गुंडाळलेले मासिक, काहीही तेच काम करील. आपल्या घरांतून मुलींना पुष्कळ काळापासून सांगितले जाते की सातच्या आत घरात ये, मान खाली घालून चाल. ही शिकवण काळजीपोटी दिली जाते हे मी जाणते. पण जिला आपल्या मनगटाची ओळखच करून दिलेली नाही, तिचा हात कोणी धरला तर ती भयाने गोठून जाते, आणि सारा दोष मागाहून तिच्याच माथी येतो. सराव त्या गोठण्यावर उपाय करतो. तो सोळाव्या वर्षी करता येतो, तसा साठाव्या वर्षीही. कारण त्याला दंडातील ताकदीपेक्षा ध्यान आणि नेम अधिक लागतो.

म्हणून माझी मंडळाला एवढीच विनंती आहे, की भजन, शिवण आणि पाककृती यांच्या वर्गांबरोबर आठवड्यातून एक तास या कामासाठी राखावा. जाणती शिक्षिका बोलवावी. पुस्तकात पाहून कोणी सांधे पिरगाळू नयेत. आणि त्या तासाला सासूबाईंनी सुनेला व आईने मुलीला बरोबर घेऊन यावे.