बंद पडलेला रेडिओ

(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची दुरुस्ती हा माझा आजचा विषय आहे. भाषा शिकवणाऱ्या बी. ए., बी. एड. मास्तराने हा उद्योग कशाला करावा, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण या रेडिओने मला एक धडा शिकवला आणि त्याची फीही चांगलीच वसूल केली. तो धडा आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या घरी आजोबांनी घेतलेला पाच व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्या काळी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. १९७१ च्या डिसेंबरात युद्धाच्या बातम्या ऐकायला आमच्या पडवीत अर्धी आळी जमत असे, असे अब्बा सांगतात. पुढे ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला आणि हा रेडिओ माळ्यावर गेला. तेथे तो जवळजवळ चाळीस वर्षे पडून होता.

एका मे महिन्याच्या सुटीत मी तो खाली काढला. अब्बा म्हणाले, "बघ बाबा, पण आजोबांची वस्तू आहे. कळत नसेल तर हात लावू नकोस." मी धूळ पुसली आणि सरळ प्लग लावला. डायलचा दिवा पेटला तेव्हा मला कोण आनंद झाला! पण लगेच मोठी घरघर सुरू झाली, जळका वास आला आणि मागून धूर निघू लागला. मी प्लग ओढेपर्यंत ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता. अब्बा काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी रेडिओ त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं झोपलेल्या माणसाला कोणी असा धक्का मारून उठवतो काय?" मग मीटर लावून त्यांनी मला एक कंडेन्सर दाखवला. "हा आतून वाळला आणि शॉर्ट झाला. यानं तुमचा ट्रान्सफॉर्मर खाल्ला. बाकी रेडिओ ठीक आहे."

मित्रहो, ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मी ज्याला मेलेला समजत होतो, त्याचा एक भाग तेवढा निकामी होता. उरलेले नुकसान माझ्या घाईने केले होते.

ट्रान्सफॉर्मर चाचांनी नव्याने गुंडाळून दिला. पुढचे काम त्यांना विचारून मी घरी केले. त्याचा क्रम सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असा रेडिओ असेल.

पहिली गोष्ट म्हणजे प्लग लावायचा नाही. आधी मागचे झाकण काढून नुसते पाहायचे. वायरचे रबर कडक होऊन तडकलेले असते, कधी उंदरांनी कुरतडलेले असते. ती वायर बदलावी. व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी कोणता कोठे होता ते लिहून ठेवावे. व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह संपला असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे कंडेन्सर. विजेतील घरघर गाळणारे मोठे कंडेन्सर अनेक वर्षे वापर नसला की खराब होतात. ते प्रथम बदलावेत. त्यानंतर एक लहान पण घातकी कंडेन्सर शोधावा. तो स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी असतो. आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाजाचा प्रवाह पुढे जाऊ द्यायचा, पण तेथील डीसी दाब अडवायचा, हे त्याचे काम. तो गळू लागला की ग्रिडवर नको तो दाब येतो, व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो आणि जळतो. आमच्या सेटमध्ये हा व्हॉल्व्ह ईएल ८४ आहे. त्याच्यापाशीचा जुना कागदी कंडेन्सरही गळतच होता. नवा घालताना मूल्य तेवढेच घ्यावे. व्होल्टेजची क्षमता तेवढीच किंवा जास्त असावी, कमी कधीही नको.

तिसरी गोष्ट म्हणजे सिरीज दिवा. घरच्या विजेच्या वायरीत ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. एलईडीचा बल्ब येथे चालत नाही. सेट सुरू केल्यावर बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावे. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. माझ्याकडे हा बल्ब असता, तर आजोबांचा ट्रान्सफॉर्मर वाचला असता.

विद्यार्थी मित्रांनो, आता नीट ऐका. या रेडिओच्या आत सुमारे २५० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहू शकतो. त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून प्लग काढून थांबावे, रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिकामे करावेत, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांचा लोखंडी सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असू शकतो. असा सेट जाणकाराकडेच न्यावा. आणि कोणताही सेट एकट्याने उघडू नये.

शेवटची सूचना. आत डब्यांवर लहान स्क्रू दिसतात. आवाज येत नाही म्हणून पुष्कळ जण ते फिरवत बसतात. त्या स्क्रूंनी सेटचा मेळ जमवलेला असतो. तो एकदा बिघडला की यंत्राशिवाय पुन्हा जमवणे अवघड. दोष कळल्याशिवाय काहीही फिरवू नये.

या कामात नववीतला एक मुलगा माझ्या मदतीला येत असे. गणितात तो सतत नापास होई, आणि घरी त्याला "डोक्यात काही शिरत नाही" असे ऐकावे लागे. जुने भाग काढण्यापूर्वी त्याने प्रत्येक वायरीचा नकाशा काढला. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे दोन दिवसांत पाठ केले. त्या रंगांवरून ४७ हजार की ४ लाख ७० हजार हे तो माझ्याआधी सांगू लागला. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याला दशमान पद्धत कधी कोणी नीट समजावलीच नव्हती. दोष तेवढाच होता. मग आम्ही तेथूनच सुरुवात केली. वार्षिक परीक्षेत तो पास झाला. गुण फार नाहीत, पण पास झाला.

पालकहो, मूल मागे पडले म्हणजे ते निकामी ठरत नाही. नेमके कोठे अडले ते शांतपणे शोधा. आणि शोधण्यापूर्वी धक्का देऊ नका.

तीन महिन्यांनी एका रात्री आम्ही रेडिओ लावला. सिरीज दिवा उजळला आणि मंद झाला. घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर बंद केल्यावर खरखर कमी झाली आणि मिडियम वेव्हवर आकाशवाणीची बातमी लागली. अब्बा आतून आले. खुर्ची ओढून रेडिओजवळ बसले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "आवाज थोडा वाढव."

तीन महिन्यांनंतर या रेडिओविषयी ते माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य होते.